जनूभाऊ वायफायचं कार्ड बसवतो

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव जनूभाऊ. आपण भोळे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो स्वतःचं डोकं शक्यतो वापरतच नसे. कुणी सांगेल ते ऐकायचं आणि ऐकलं ते जसंच्या तसं करायचं, असा त्याचा नेम. चुकलं की स्वतःच्याच गालात मारून म्हणायचा, "डोकं नव्हे, खोकं आहे हे! आता लक्षात ठेवतो."

त्याची बायको रत्नमाला. तिचा एकुलता एक भाऊ अजित मस्कतला. लग्नानंतर बारा वर्षांनी त्याला मुलगा झाला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या तर इथे गावात. तेव्हा असं ठरलं, की रविवारी सकाळी रत्नमालेनं कॉम्प्युटरसमोर बसायचं, तिकडे बाळाच्या कानाशी मोबाईल धरायचा, आणि हिनं इथून 'कुर्र' करून नाव सांगायचं. नाव तिनं मनाशी ठरवलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

अडचण एकच. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. घरात वायफायचा नवा डबा आला होता, पण कॉम्प्युटरच्या पोटातलं वायफायचं कार्ड जुनं. त्याला हा नवा डबा दिसेचना. अजितनं नवं कार्ड पाठवून दिलं. ते कसं बसवायचं हे तालुक्याचे कॉम्प्युटरवाले नासिरभाई फोनवर सांगणार होते.

"अहो, एवढं एक काम नीट करा," रत्नमाला म्हणाली. "मला एकच भाचा आहे."

शुक्रवारी नासिरभाईंनी सांगितलं, "कार्डाला हात लावायच्या आधी लोखंडाला हात लावा. अंगातली वीज निघून जाते."

शिंप्याच्या घरात लोखंड म्हणजे इस्त्री. आत निखारे फुललेले. जनूभाऊनं पाचही बोटं टेकवली. वीज गेली की नाही ते कळलं नाही. कातडी मात्र गेली.

"अहो, गरम वस्तू आधी थंड होऊ द्यायची असते!" नासिरभाई फोनवरून ओरडले.

"खोकं आहे हो माझं! लक्षात ठेवतो."

मग त्यानं कॉम्प्युटरची वायर काढली आणि पेटीला हात लावून पाहिला. सकाळपासून चालू असल्यामुळे ती कोमट लागली. वस्तू गरम, म्हणजे थंड व्हायला हवी. उन्हाळ्यात माठाला गुंडाळतात तसं त्यानं पेटीला ओलं पोतं गुंडाळलं आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं.

"पाणी?" नासिरभाईंचा आवाजच बसला. "उघडा ती पेटी. सगळं सुटं करा, पुसा, उन्हात वाळवा. आणि जे जिथून काढाल ते तिथेच परत ठेवा. एवढं तरी पाळा!"

पाळलं. शनिवारी दिवसभर कॉम्प्युटरचे भाग गच्चीवर शेजारणीच्या कुरडयांच्या रांगेत वाळत पडले. संध्याकाळी जनूभाऊनं एकेक भाग जिथून काढला होता तिथे लावला. जुनं कार्ड पेटीतून काढलं होतं, ते पेटीत लावलं. नवं कार्ड खोक्यातून काढलं होतं, ते खोक्यात ठेवलं.

"जनूभाऊ, जुनं टाकायचं आणि नवं लावायचं," नासिरभाई हात टेकून म्हणाले. "जुन्याची माया धरू नका."

आता मात्र नवं कार्ड बसलं. खाचेत दाबलं, स्क्रू पिळला, मागच्या अँटेनाच्या दोन दांड्या फिरवून लावल्या. पहिल्यांदाच काहीतरी बरोबर झालं, त्यामुळे जनूभाऊला हुरूप आला. त्यानं बाकीच्या सामानाकडे पाहिलं. माऊस जुना. कीबोर्ड जुना. कॅमेराही जुनाच. माया न धरता त्यानं सगळं उकिरड्यावर टाकलं.

रविवारी सकाळी रत्नमालेनं नेसत्या पैठणीनिशी उकिरडा उपसला. कीबोर्डवर कोंबडी बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. रत्नमालेच्या डोळ्यांत पाणी होतं. जनूभाऊला स्वतःची फार लाज वाटली.

"नासिरभाई," तो फोनवर म्हणाला, "आता असं काहीतरी सांगा, की ज्यात माझं डोकं कुठेच लागणार नाही."

"मग ऐका. वायफायचा डबा उलटा करा. बुडाशी पासवर्ड छापलाय ना? स्क्रीननं विचारलं, की तेच द्यायचं. अक्षर न अक्षर."

"आणि परत विचारलं तर?"

"परत तेच!"

स्क्रीननं विचारलं. जनूभाऊनं दिलं. आणि काय आश्चर्य, नेट आलं! स्क्रीनवर पाळणा दिसला, अजित दिसला, अजितच्या सासूबाई दिसल्या, बाळ दिसलं. गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं जमल्या. रत्नमाला माइकपाशी वाकली आणि तिनं सुरू केलं, "कुर्रर्र…"

कुर्र करताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायकांनी ती मनापासून पाळली. रत्नमालेला ठसका लागला. खोकून खोकून जीव घाबरा झाला, नाव काही बाहेर पडेना.

स्क्रीनमधून अजितच्या सासूबाईंनी विचारलं, "नाव काय?"

स्क्रीननं विचारलं होतं. जनूभाऊनं लगबगीनं डबा उलटा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "के सत्त्याहत्तर टी शून्य शून्य बेचाळीस!"

"काय?"

"के सत्त्याहत्तर टी शून्य शून्य बेचाळीस!"

दोन्ही वेळा ते बाळाच्या कानात नीट पडलं. बाळ हसलंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "कानात पडलं ते पडलं. आम्ही लाडानं सत्त्या म्हणू." तिकडे घुगऱ्या वाटल्या गेल्या.

बायका पांगल्यावर रत्नमाला ढसाढसा रडली. "यशोधन ठेवणार होते हो मी. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं."

जनूभाऊनं गालात मारून घेतली आणि झालेलं सगळं नासिरभाईंना सांगितलं.

"अहो, चारचौघांत पासवर्ड वाचलात?" नासिरभाई किंचाळले. "आत्ताच्या आत्ता बदला! बाहेर कुणालाही माहीत नसलेलं नाव टाका. आणि ते कुणाला सांगू नका. घरच्यांनाही सांगू देऊ नका!"

नासिरभाई सांगत गेले, जनूभाऊ करत गेला. बाहेर कुणालाही माहीत नसलेलं नाव त्याला नुकतंच कळलं होतं.

दुपारी अजित पुन्हा स्क्रीनवर आला. "ताई, जन्मदाखल्याचा फॉर्म भरतोय. आज शेवटचा दिवस, पाचच मिनिटं उरलीत. कानातलं राहू दे, कागदावर तुझंच नाव लावतो. काय ठरवलं होतंस, सांग पटकन."

रत्नमालेचा चेहरा उजळला. तिनं डोळे पुसले, माइक जवळ ओढला आणि तोंड उघडलं.

जनूभाऊनं झेप घेऊन कॉम्प्युटरची वायर उपसली. स्क्रीन काळी झाली.

"अगं," तो म्हणाला, "बाहेरच्या माणसाला घरचा पासवर्ड सांगतेस?"