हिरवं पिल्लू

फार मागे, कोंबड्या आपल्याइतक्याच बडबड्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका खुराड्यात बोडकी नावाची कोंबडी राहायची. सगळ्या जणी येता-जाता तिलाच टोचायच्या, म्हणून तिच्या मानेवर एक पीस उरलं नव्हतं.

एकदा मुंगसाने खुराड्यातलं एक पिल्लू पळवलं. सगळ्या भेदरल्या. पण मुंगसाला टोचायची छाती कोणाची? दुसऱ्या दिवशी मालकिणीने बाजारातून हिरव्या रंगात बुडवलेलं एक पिल्लू आणून आत सोडलं.

"ह्याच्या रंगामुळेच मुंगूस येतं," कोंबडा म्हणाला.

मुंगूस तर आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं, पण घाबरल्यावर एवढा विचार कोण करतं? तुम्ही-आम्ही तरी कुठे करतो! सगळ्या तुटून पडल्या. सगळ्यात जोरात टोचलं ते बोडकीने. त्या दिवशी तिच्या मानेला कोणी चोच लावली नाही. काय हायसं वाटलं तिला!

संध्याकाळी कोंबडा म्हणाला, "आज हे बाहेर झोपेल." कुंपणापाशी पाचोळा खसखसला.

पिल्लू बोडकीला चिकटलं. "मावशी, मी यायच्या आधी ह्या कोणाला टोचायच्या गं?"

पिल्लू गेलं की उद्या कोण, हे बोडकीइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने पंख उचलला. "ये, आत घूस."

"अगं बोडके, तूही त्याच्यातलीच का?" कोंबड्याने विचारलं.

एकेक चोच तिच्याकडे वळली. बोडकीने डोळे मिटले आणि पंख आणखी घट्ट आवळला.