हैबतरावांची मिशी आणि मोगरीचं तोंड

“ए मोगरे! ऊठ! घरी दळण पडलंय!”

भर बाजारात सरदार हैबतराव गरजले, आणि फुटाणे भाजणाऱ्या मोगरीचा हात थांबला. पूर्वी ती त्यांची बटीक होती, म्हणजे विकत घेतलेली दासी. पाठीला काळपुळीचं जीवघेणं गळू झालं तेव्हा हे शूर सरदार पोरासारखे रडले, ‘वाचलो तर मोगरीला सोडीन’ असा नवस बोलले, आणि बरं वाटताच ग्रहणाच्या दिवशी तिच्या हातावर पाणी घालून तिला मोकळं केलं. कागद केला नाही. साक्षीला एक भटजी होते, तेही देवाघरी गेले. पुढे मोगरीची भट्टी चांगली चालली, तिच्याकडे बघून घरातल्या बाकीच्या बटकीही मान वर करून बोलायला लागल्या. मग काय, सरदारांना नवसाचा साफ विसर पडला!

“मी मोकळी आहे! चला राजाकडे!” मोगरी म्हणाली. वाटभर तिचं तोंड चालू होतं, आणि सगळी पेठ ऐकत होती.

राजेही असे, की न्यायापेक्षा जेवणाची घाई जास्त!

“महाराज, ही माझी बटीक,” हैबतराव म्हणाले. “जन्मभर माझं मीठ खाल्लंय हिनं!”

“खाल्लं, आणि घामानं फेडलं! तुमच्या जात्याचा खुंटा चाटून बघा, अजून खारट लागेल!”

दरबारात खसखस पिकली. राजा कंटाळून म्हणाला, “कागद नाही, साक्षीदार नाही. बाई, हैबतरावांनी स्वतःच्या तोंडानं ‘ही मोकळी आहे’ म्हटलं तरच सोडीन. वदवून दाखव!”

हैबतराव मिशीला पीळ देत हसले. त्या मिशीला रोज तूप लागे. घरच्या बटकींच्या भाकरीला मात्र कधी लागलं नाही.

मोगरीनं पदर खोचला. “महाराज, एखाद्याच्या बैलानं कुणाला शिंग मारलं, तर दंड कुणाला?”

“बैलाच्या धन्याला.”

“आणि बटकीनं गुन्हा केला तर?”

“तिच्या धन्याला! बटीक काय, बैल काय, सारखंच.”

“का हो सरदार, कबूल?”

“कबूल! शंभरदा कबूल!” हैबतराव ऐटीत म्हणाले.

“मग ऐका महाराज. आत्ता येताना भर पेठेत मी तुमची निंदा केली. म्हटलं, आपल्या राजाला बाई आणि म्हैस यांतला फरक कळत नाही, दोघींना एकाच खुंट्याला बांधतो!”

राजा लालबुंद झाला. “राजनिंदा! मिशी भादरा आणि गाढवावरून धिंड काढा! धन्याची!”

न्हावी पुढे आला, तशी हैबतरावांची बोबडीच वळली. “थांबा! ही माझी नाही हो! ग्रहणाच्या दिवशी मोकळी केली! या हातांनी पाणी घातलंय! काळपुळीची शपथ!”

“ऐकलंत, महाराज?” मोगरी म्हणाली.

“ऐकलं. तू मोकळी. पण मग शिक्षाही तुलाच!”

“भादरा की! आधी मिशी उगवू तर द्या! आणि निंदा कसली? बाईला तर तुम्ही आत्ताच खुंट्यावरून सोडलंत. माझं बोलणं खोटं ठरलं. शिक्षा केलीत, तर लोक म्हणतील खरं होतं!”

राजाला असं हसू फुटलं की पगडी कानावर आली. “माग, काय हवं ते माग!”

“मला काही नको. पण सरदारांच्या घरी अजून बटकी आहेत, आणि त्यांची तोंडं माझ्याहून कडू! उद्या त्या पेठेतून पाण्याला निघतील...”

“घेऊन जा!” हैबतराव दोन्ही हातांनी मिशी झाकून किंचाळले. “सगळ्या घेऊन जा!”

राजानं तिथंच पाण्याचा तांब्या मागवला, बटकींना बोलावणं धाडलं, आणि एकेकीच्या हातावर हैबतरावांकडून पाणी घालून घेतलं. या वेळी कागदही केला, साक्षीला अख्खा दरबार!

तांब्या रिकामा झाला तसे हैबतराव रडवेले झाले. “अहो, पण आज माझं जेवण कोण रांधणार?”

“या की माझ्या भट्टीवर! फुटाणे गरम आहेत,” मोगरी म्हणाली. “फक्त ‘ए मोगरे’ म्हणून हाक मारलीत तर मिळायचे नाहीत. ‘मोगराबाई’ म्हणावं लागेल!”

राजा पुन्हा इतका हसला, की त्याचं स्वतःचं जेवणही थंड झालं.