गुलाबी गाडीचे तीनशे कोस

चिंचकोटच्या उदाजी महाराजांना विजेवर चालणारी छोटी गाडी घ्यायची होती, पण घेण्याआधी तिचं चाक हललेलं त्यांना चालणार नव्हतं!

राजजोशांनी पंचांग उघडून बजावलं होतं, "अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचं चाक रविवारच्या आत फिरलं, तर राज्याचे ग्रह फिरतील!" आणि निवड तर आजच करायची होती, कारण दोन्ही गाडीवाले संध्याकाळी परत जाणार होते.

राजवाड्याच्या अंगणात सकाळपासून दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक गुलाबी, एक पिस्ता रंगाची. दोन्ही चार माणसांच्या, दोन्ही पुसून लख्ख केलेल्या, दोन्ही एखाद्या गाभण म्हशीएवढ्या.

गुलाबी गाडीवाला झुंबरशेट थांबायचं नावच घेत नव्हता. "एकदा वीज भरा महाराज, की तीनशे कोस! घाट काय, डोंगर काय, हिला सगळं सपाट!"

पिस्ता गाडीवाला अंबादास म्हणाला, "ऐंशी कोस जाते. चढ असला तर साठ." आणि काच पुसायला लागला.

"चाक न हलवता सांगा," महाराज गरजले, "यातली चांगली गाडी कोणती?"

दरबार कामाला लागला. राजवैद्यांनी दोन्ही गाड्यांचे आरसे धरून नाडी पाहिली. "गुलाबीला पित्ताचा त्रास आहे," ते गंभीरपणे म्हणाले. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याने दोन्हींच्या टपांवर कलिंगडासारख्या टिचक्या मारल्या. "दोन्ही अजून कच्च्या आहेत!" प्रधानजी आधी गुलाबीत बसले, मग पिस्त्यात बसले आणि तिथेच घोरायला लागले.

"बस्स!" महाराज ओरडले. "जो बरोबर सांगेल त्याला मागेल ते देऊ. आणि जो चुकेल, तो उद्या हरणीबरोबर राज्याबाहेर जाईल!"

तबेल्याच्या दारात मैनाच्या हातातला खरारा थांबला.

हरणी म्हणजे महाराजांची म्हातारी घोडी. गाडी येणार म्हणून तिला उद्या सरहद्दीपलीकडच्या बाजारात विकायचं ठरलं होतं. बाप गेल्यापासून तबेल्याचं सगळं काम मैनाच करायची. म्हाताऱ्या घोडीला कोण विकत घेतं आणि कशाला घेतं, हे तिला ठाऊक होतं. तो विचार मनात आणायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि सकाळपासून मनात दुसरं काही नव्हतं.

पण सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. राजवाड्यामागच्या चिंचेखाली तिला दोन बैल बांधलेले दिसले. दमलेले, जुवाने खांदे सुजलेले, पुढ्यात काडी नाही. तिने त्यांना पाणी पाजलं, सुजेवर हळद-तेल लावलं आणि अंगणात येऊन विचारलं, "बैल कुणाचे हो?"

"मी विजेची गाडी विकतो, बाई!" झुंबरशेट खेकसला होता. "मला बैलांशी काय करायचंय?"

अंबादासने उलट तिलाच विचारलं होतं, "ताई, इथे विजेची जोडणी कुठे मिळेल? घाट चढून आलोय, गाडीला थोडी वीज भरतो." तबेल्यातल्या दिव्याची जोडणी तिनेच त्याला दाखवली होती.

मैनाने हरणीच्या मानेवर हात ठेवला, मग ती अंगणात आली.

"मी सांगते, महाराज!"

झुंबरशेट फिसकन हसला. "लीद काढणारी पोर गाडी निवडणार?"

"काढते ना शेट. म्हणून तर कोण काय टाकून गेलंय ते मला लवकर कळतं!"

महाराजांच्या मिशा हलल्या. "चाक हलवायचं नाही, मैना."

"हातसुद्धा लावत नाही."

ती गेली आणि ते दोन बैल घेऊन आली. झुंबरशेट एकदम आकाशाकडे बघायला लागला. मैनाने अंगणाच्या दारात बैलांची दावी सोडली, जिभेने टक् टक् केलं आणि म्हणाली, "चला रे लेकरांनो, जुंपायचंय!"

बैल निघाले. पिस्ता गाडीसमोरून पुढे गेले, तिच्याकडे पाहिलंही नाही. गुलाबी गाडीच्या नाकापाशी येऊन वळले, तिच्याकडे पाठ केली, दोन पावलं मागे सरकले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. दोघांनी मान खाली घातली आणि जुवाची वाट बघत उभे राहिले!

अंगणभर कुजबुज उठली. प्रधानजी जागे झाले.

"हे... बैल आहेत, महाराज," झुंबरशेट घाम पुसत म्हणाला. "गुलाबी रंग आवडला असेल त्यांना!"

"मग पाठ करून का उभे राहिले?" मैना म्हणाली. "रंग बघायचा तर तोंड गाडीकडे हवं होतं! महाराज, जोडीतला बैल आपली बाजू विसरत नाही. ही गाडी घाट चढली ती यांच्या खांद्यांवर. पिस्ता गाडीपुढे कुणी मान वाकवली नाही, ती आपली आपण आली."

महाराजांनी झुंबरशेटकडे पाहिलं. "शेट, आणि ते तीनशे कोस?"

उत्तर मैनानेच दिलं. "तीनशे कोसही जाईल की, महाराज! फक्त वाटेत वैरण लागेल!"

महाराज असे हसले, असे हसले, की फेटा सुटून पिस्ता गाडीच्या टपावर पडला. राजजोशी घाईने म्हणाले, "शुभशकुन!"

"पिस्ता गाडी घेतली!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "माग पोरी, काय हवं?"

"हरणी बाजारात जायची नाही. माझ्याजवळ राहील, मरेपर्यंत."

"दिली! आणि तिच्या चाऱ्याचं आमच्याकडे." मग ते झुंबरशेटकडे वळले. "शेट, बैल तुमचे नाहीत ना?"

सकाळी अंगणात झुंबरशेट स्वतःच नाही म्हणाला होता. आता काय म्हणणार? "नाहीत, महाराज."

"मग बैलही मैनाचे!" आणि महाराज पुन्हा हसत सुटले. "तुम्ही रविवारपर्यंत आमचे पाहुणे. नंतर गाडी खुशाल न्या. घाट काय, डोंगर काय, सगळं सपाट! ढकलायला जड जाणार नाही!"