बिनपूछ चौका

दिल्ली बघायला येणाऱ्या आपल्या मंडळींना मी पहिल्याच दिवशी काही गोष्टी बजावून ठेवतो. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, उगाच हात हलवत परत याल. कुतुब सकाळी लवकर गाठा. पराठ्यांच्या गल्लीत एकेकच पराठा मागवा. दुसरा डोळ्यांना हवा असतो, पोटाला नाही. थंडीत भल्या सकाळी दुधाच्या फेसाची मिठाई मिळते, ती ऊन चढलं की बसते, तेव्हा लोळत पडू नका. आणि कृपा करून किल्ल्यात चिवड्याचे डबे उघडू नका. लोक माना डोलावतात आणि किल्ल्यात गेल्यावर डबे उघडतात. माझी उभी हयात या शहरात हेच बघण्यात गेली.

सगळ्यात शेवटी मी त्यांना जुन्या शहरात नेतो. मसाल्यांच्या बाजारामागे गल्ल्या इतक्या अरुंद होत जातात की छत्री उघडता येत नाही. तिथे एक बावडी आहे, म्हणजे आपल्याकडची पायऱ्यांची विहीर. पाणी कधीच आटलं, आता तळाशी पाला आणि प्लास्टिक. बावडीला लागून एक बुटका दरवाजा आहे. दरवाजा म्हणजे नुसती चौकट, तिला फळ्या नाहीत. पाटीही नाही. आसपासचे लोक त्याला बिनपूछ चौका म्हणतात, म्हणजे काही न विचारता वाढणारं स्वयंपाकघर. आत बाजरीची खिचडी, वर तूप, बाजूला गुळाचा खडा, एवढंच मिळतं. जेवण होईस्तोवर तिथे कोणी कोणाला नाव-गाव विचारायचं नाही आणि आपलंही सांगायचं नाही. ही एक सूचना मी दोनदा देतो.

गेल्या पौषात चिपळूणची मंडळी आली होती. त्यांच्यात साळवीबाई होत्या. शेजारी बसलेल्या माणसाच्या सात पिढ्या बाहेर काढल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, त्यांतल्या एक. माझी सूचना ऐकून त्या बावडीच्या कठड्याशीच थांबल्या.

"असं कसं हो टिपणीसकाका? विचारल्याशिवाय माणूस कळणार कसा?"

"बसा इथे," मी म्हटलं. "सांगतो. मग आत जाऊ."

पानिपताच्या वेळची गोष्ट आहे, असे सांगतात. दिल्ली तेव्हा आपल्या लोकांच्या ताब्यात होती. फौज पुढे उत्तरेला गेली आणि शहरात थोडी शिबंदी मागे राहिली, तिच्याबरोबर काही बायामाणसंही. त्यांत करमाळ्याकडची एक बाई होती, सगुणा नावाची. तिचा नवरा हैबती तोफखान्याच्या बैलांवर होता. निघायच्या वेळी हिला ताप भरला होता, म्हणून तो म्हणाला, "तू हितंच थांब. म्या येतो नायतर सांगावा धाडतो." तिने आपल्या खणाच्या तुकड्याची एक चंची शिवली, पान-सुपारी भरली आणि त्याच्या कमरेला खोचली. तो गेला. ती बावडीजवळच्या या खोलीत राहून शिबंदीसाठी भाकरी बडवू लागली.

संक्रांतीला लढाई झाली. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी उगाळत नाही. बातमी दिल्लीला पोचली तशी शिबंदीही निघाली. बाया म्हणाल्या, चल. सगुणा म्हणाली, "त्यांनी मला हितंच थांब म्हटलंय." वेडीच म्हणायची. पण जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या माणसाची वाट बघणारी बाई शहाणी कशी असणार?

शेजारी पखालीने पाणी वाहणाऱ्याचं घर होतं. त्याच्या बायकोचं नाव करीमन. तिने सगुणेचं नऊवारी लुगडं सोडवलं, आपला घागरा आणि ओढणी दिली आणि सांगितलं, "बोली छुपा ले, बहन. दख्खनवालों को ढूँढ रहे हैं." सगुणेने बोली लपवली. दार लावून घेतलं. घरात बाजरीचं एक पोतं उरलं होतं, आणि तिने देवासमोर पण केला की हे धान्य आपल्या माणसांच्याच तोंडी जाईल. पळून येणारे भुकेने मरत होते. त्यांतला कोणी ना कोणी हैबतीचं सांगेल, ही तिची आशा.

दार वाजलं की ती आतूनच विचारायची, "कौन हो? कहाँ के?" बाहेरचा हिंदुस्थानीत काहीतरी खोटं सांगायचा, पण आपल्या माणसाची जीभ लपत नाही. दुसऱ्या शब्दाला ओळख पटायची आणि कडी निघायची. साताऱ्याकडचे आले, पैठणचे आले. खाल्लं, रडले, दक्षिणेच्या वाटेला लागले. हैबतीला कोणी पाहिलं नव्हतं. सगुणा रोज कुंकू लावायची, असे सांगतात.

एक दिवस दुपार झाली तरी धुकं उठलं नाही. या शहराचं धुकं तुम्ही आता पाहतच आहात. ते नुसतं दिसत नाही, हाडांत जातं. अशात दार वाजलं.

"कौन हो?"

"मुसाफिर हूँ, माई. मेरठ का."

बोली स्वच्छ होती. एका अक्षराला आपला वास नव्हता. हा माणूस कित्येक वर्षं ग्वाल्हेरीकडे चाकरीला असावा, तिकडचंच बोलणं त्याच्या तोंडात बसलं असावं. सगुणेला हे कसं कळावं? चुलीवर खिचडी शिजत होती, तिचा वास फटीतून बाहेर जात होता. ती म्हणाली, "कुछ नहीं है. आगे जाओ."

तो गेला नाही. दाराला टेकून उभा असावा, कारण फळी कुरकुरली. मग त्याने विचारलं, "माई, इधर दख्खन के लोग रहते थे?"

हा हेर आहे, आपल्याला शोधत आलाय, असंच सगुणेला वाटलं. तिने ओढणी तोंडावर घेतली आणि करीमनने शिकवलं होतं तितक्या चोख बोलीत उत्तर दिलं.

"सब चले गए."

मग पावलं बावडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमन पाण्याला गेली, तेव्हा तो वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला होता. थंडीने आणि उपासाने कधी गेला, त्यालाही कळलं नसेल. करीमनने हाक मारली, सगुणा आली. चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता, पण कमरेला चंची खोचलेली होती. खणाच्या तुकड्याची, सगुणेच्या हातच्या टाक्यांची. आत सुपारीचं अर्धं खांड होतं.

इथे साळवीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी थांबलो नाही. थांबलो की मला पुढचं सांगवत नाही.

ही चंची हैबतीने जिवंतपणी दिली होती, की त्याच्या प्रेतावरून काढली होती? तो कुठे जखमी पडून वाट बघत होता, आणि तिला घेऊन ये म्हणून हा निघाला होता? की सगळं संपल्याचं सांगायला आला होता? सांगणारा एकच होता आणि तो गप्प झाला होता. सगुणा त्याचे खांदे धरून हलवत आपल्या बोलीत, मोठ्याने ओरडली, कोणी ऐकेल याची पर्वा न करता. "सांग की रं! सांग की!" करीमनने तिला ओढून काढलं.

करीमनच्या नवऱ्याने लाकडं जमवली. यमुनेच्या घाटावरच्या गुरुजींनी विधीसाठी मृताचं नाव विचारलं. सगुणेला नाव ठाऊक नव्हतं. गाव ठाऊक नव्हतं. दाराआडून तिने तेच तर विचारलं होतं, आणि ते कळेपर्यंत घास अडवून धरला होता. गुरुजींनी निनावी पाणी सोडलं.

घरी येऊन तिने दाराच्या फळ्या उखडल्या आणि चुलीत घातल्या. त्या विस्तवावर उरलेली सगळी बाजरी शिजवली आणि येईल त्याला वाढली. मेरठचा असो, काबूलचा असो, ज्यांनी आपली माणसं कापली त्यांच्यातला असो. पोतं संपलं तेव्हा करीमनने आपलं धान्य आणलं. सगुणा परत दक्षिणेला गेली नाही. कुंकवाचा करंडा ती रोज उघडायची, बराच वेळ बघायची आणि तसाच मिटायची, म्हणे. लावायचं की पुसायचं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. म्हातारी होऊन ती याच खोलीत गेली. तिच्यामागे करीमनच्या लेकीने चूल विझू दिली नाही.

एवढं सांगून मी उठलो. आम्ही वाकून चौकटीतून आत गेलो. अच्छन मियाँ चुलीपाशी होते. ते करीमनच्या वंशातले, असे सांगतात; खरंखोटं त्यांनाही माहीत नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, नुसती ताटं भरली. चिपळूणची मंडळी इतकी गप्प जेवताना मी प्रथमच पाहिली. एक आजोबा मीठ मागायला तोंड उघडून पुन्हा मिटून बसले. साळवीबाईंनी ताट बोटाने निपटून खाल्लं.

जेवण झालं की अच्छन मियाँ हात पुसतात आणि चौकटीशी येऊन उभे राहतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवतात. साळवीबाईंची पाळी आली.

"कहाँ से आयीं, बहनजी?"

एरवी या प्रश्नावर साळवीबाईंनी आजोळापर्यंत मजल मारली असती. त्यांनी हळूच सांगितलं, "चिपळूण. गाव पोफळी."

अच्छन मियाँनी मान हलवली. मग तितक्याच शांतपणे दुसरा प्रश्न केला.

"रास्ते में कोई मिला?"

साळवीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "नाही हो, भाऊ," त्या मराठीतच म्हणाल्या, "कोणी नाही भेटलं." अच्छन मियाँना मराठी येत नाही. पण हे उत्तर त्यांना सगळ्या भाषांतून कळतं. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि बाजूला होऊन वाट दिली.

हैबतीसाठी सगुणा विचारायची, तेच आजही त्या चौकटीशी प्रत्येकाला विचारतात. विमानाने आलेल्यालाही विचारतात आणि पलीकडच्या गल्लीतून आलेल्यालाही. आजही सगळे नाहीच म्हणतात. तुम्ही गेलात तर हसू नका, आणि घाईने सांगू नका. क्षणभर आठवून बघा, आणि मगच नाही म्हणा.