चिखलाचा गोळा

नदीवर अजून पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. काठच्या बाभळीवर पिवळोबा नावाचा सुगरण पक्षी मुनियांना घरटी विणून द्यायचा आणि त्यांनी दिलेल्या दाण्यांवर जगायचा. एक दिवस थोरली मुनिया म्हणाली, "पैलतीरावरचा शिंपी पक्षी झिपरू निम्म्या दाण्यांत विणायला तयार आहे. तेवढं त्याला शिकव आणि मग तू मोकळा."

पिवळोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने झिपरूला गाठी शिकवल्या, दार शिकवलं. पण घरटं वाऱ्याने हेलकावू नये म्हणून आत ओला चिखल थापतात, तेवढं मात्र त्याने सांगितलं नाही. पुढे झिपरूच्या चोचीतला एकेक दाणा त्याला आपलाच वाटे. 'वारा सुटू दे, मग बघतो,' तो मनात म्हणे.

वैशाखात वावटळ आली. घरटी उलटीपालटी झाली, अंडी नदीत गेली. पिवळोबा लगबगीने आला. आता सगळे आपल्याच पाया पडणार!

"माझीच गाठ सैल पडली असेल, दादा," झिपरू रडवेला होऊन म्हणाला.

"गाठीचं काय घेऊन बसलास?" पिवळोबा छाती फुगवून म्हणाला. "आत चिखल थापावा लागतो!"

थोरली मुनिया नदीकडे बघत होती. तिने हळूच मान वळवली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."