बाटलीतला मळ

कसब्यातले त्र्यंबकशेठ सराफ सणासुदीला घरोघर जाऊन दागिने फुकट उजळून देत, आणि बायाबापड्या त्यांचे गोडवे गात. तान्हुबाईला मात्र वाटे, यात कुठेतरी पाणी मुरतंय. तिचा बाप झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणारा. शहाणा सराफ केरसुद्धा फुकट देत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

त्या दिवशी शेठनी शेजारच्या अंबूकाकूंच्या घरी पाटल्या औषधाच्या वाटीत बुडवल्या, लखलखीत करून दिल्या आणि वाटीतलं पाणी जपून बाटलीत भरलं. मग ते तिथेच बसलेल्या तान्हुबाईला म्हणाले, "आण तुझी बोरमाळ. की बसणार आहेस रिठ्यानं घासत?"

"रिठाच बरा, शेठ. पण त्या बाटलीत काय नेताय?"

"मळ! दुसरं काय?"

"रिठ्याचं पाणी आम्ही मोरीत ओततो. तुम्ही एवढे मोठे सराफ, आणि आमचा मळ बूच लावून घरी नेता? ओता की काकूंच्या मोरीत!"

शेठनी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली.

अंबूकाकूंनी उठून आधी दाराला कडी घातली, मग पाटल्या तोलायला आतून तराजू मागवला.