राखणदाराच्या वहाणा

चूक रवळू गावकराची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी ती समुद्रावर ढकलायला नको. मोठी माणसं तसं करतात, बरं का. आता पांघरुणात शिरा आणि ऐका.

समुद्राकाठी करंजेल नावाचं एक गाव होतं. गावाला एक राखणदार होता. तो कुणाला दिसायचा नाही. पण रोज उन्हं कलली की तो हद्दीवरून फेरी मारायचा आणि त्याच्या वहाणांची करकर घराघरांत ऐकू यायची. दर जत्रेला गाव त्याला हातभर लांबीच्या नव्या वहाणा द्यायचं आणि जुन्या उलट्या करून बघायचं. तळ झिजून भोक पडलेलं दिसलं, की गावाचा जीव भांड्यात पडायचा. चालला म्हणायचा वर्षभर.

आणि काही ठरवायचं असलं, की देवळातल्या पाषाणाला कौल लावायचे. पाण्यात बुडवलेल्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. कौल लावायचा मान रवळूचा. तो गावातला वडीलधारा, म्हणजे त्याला कुणी उलटून बोलायचं नाही. त्याची एकुलती लेक सगुणा किनाऱ्यावरच्या रेतीवाडीत दिली होती, हाकेच्या अंतरावर. दर बाजाराच्या दिवशी रवळू तिच्याकडे जेवायचा. बांगड्याचं तिखलं आणि भात. ती वाढत राहायची, हा नको नको म्हणत खात राहायचा.

मग एकदा काय झालं, रेतीवर एक गलबत लागलं. त्यातून टोपीकर उतरले. म्हणाले, "शिडं भिजलीत. वाळवायला चार दिवस जागा द्या." आणि त्यांनी रवळूला एक खुर्ची दिली. गाव सगळं जमिनीवर बसायचं. रवळू खुर्चीवर बसला आणि त्याला एकदम सगळ्यांच्या टाळू दिसल्या. त्याला ते आवडलं.

मग त्यानं कौल लावला. डावी पाकळी पडली.

"फूल शिळं होतं," रवळू म्हणाला. पुन्हा लावला. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा एकदाची उजवी पडली.

मागून तानी म्हातारी म्हणाली, "देवाला ऐकायला कमी येतं काय रे, तिनतिनदा विचारतोस?" सगळे हसले. रवळू हसला नाही.

त्या जत्रेला वहाणा उलट्या केल्या, तर भोक नव्हतं. तळ नुसता घासला होता. रवळूनं त्या झटकन सुलट्या करून ठेवल्या.

मग टोपीकर पुन्हा आले. "वारा फार लागतो. रेतीवाडीभोवती एक भिंत घालू द्या." या खेपेला खुर्चीला हात होते. मग रवळूनं काय केलं, डाव्या पाकळीला भरपूर पाणी लावलं, उजवीला जेमतेम. उजवी पडली. कुणाला कळलं नाही. पाषाणाला कळलं असेल. त्या जत्रेला वहाणांचे नुसते अंगठे मळले होते.

मग टोपीकर तिसऱ्यांदा आले. "चोरांची भीती वाटते. तुमचा राखणदार आमच्या भिंतीवर चालू दे." आणि या खुर्चीला वर छत्री होती. रवळूनं पाषाणाला सांगितलं, "आजपासून ती भिंत हीच त्याची हद्द." आणि करंगळीच्या नखानं उजवी पाकळी हळूच खाली लोटली.

त्या संध्याकाळी करकर ऐकू आली नाही. गाव कान देऊन बसलं. गाई हंबरेनात, पोरं जेवेनात. मग लांबून, भिंतीकडून, करकर करकर आली. राखणदार इमानी होता. ज्या हद्दीवर उभा केला, ती राखत होता. आता तो करंजेलापासून भिंत राखत होता. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही.

बाजाराच्या दिवशी रवळू आंब्यांची पाटी घेऊन लेकीकडे निघाला. चालला, चालला आणि स्वतःच्याच अंगणात आला. पुन्हा निघाला. पुन्हा आपलंच तुळशीवृंदावन. तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा भिंतीपलीकडून सगुणेची हाक आली. "बाबा, पान वाढलंय."

"आलो गं," रवळू म्हणाला. आणि पाऊल टाकलं ते स्वतःच्या उंबऱ्यावर.

तानी म्हातारी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "राखणदारानं चकवा लावलाय तुला. कौल फिरव. ज्यानं लावला, त्यानंच जत्रेत उभं राहून सांगायचं, पाकळी मी पाडली. मग फिरतो."

"या वयात चारचौघांत नाक कापून घेऊ?"

"नको. नाक ठेव. लेक काय, हाका मारतेच आहे."

रवळूनं नाक ठेवलं. जत्रा आली, तो गप्प बसला. पुढची आली, गप्प बसला. वडीलधाऱ्यांना हे फार छान जमतं. भिंतीच्या आत टोपीकरांचा मुक्काम होता, त्याचं ठाणं झालं. ठाण्याभोवती शहर झालं. तोफा आल्या, कचेरी आली, शाळा आली. रवळू रोज उन्हं कलली की अंगणात येऊन कान द्यायचा. आधी करकर यायची. बाजाराचा दिवस असला, की मग हाक यायची. "बाबा, पान वाढलंय." दर वर्षी हाक थोडी बारीक व्हायची. आज आलीच नाही तर, असं वाटून तो तुळशीवृंदावनाला धरून उभा राहायचा. आली, की तो आत जाऊन छत्रीच्या खुर्चीवर बसायचा.

असे चाळीस पावसाळे गेले.

मग टोपीकरांच्या राजानं त्यांना परत बोलावलं. गलबतं गेली. करंजेलात ढोल वाजले, आता भिंत पडणार. भिंत पडली नाही. तिच्यावर नवं निशाण चढलं. आत जन्मलेली माणसं म्हणाली, "हे आता आमचं राज्य."

आणि त्या वर्षी हाक यायची थांबली.

मग रवळू उठला. जत्रेत काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, "पाकळी मी पाडली. देव मनापासून हो कधी म्हणालाच नव्हता." तानी म्हातारी कधीच गेली होती, नाहीतर ती बोलली असती. लांबवर भिंतीपाशी करकर थांबली.

मग रवळू पाटी घेऊन चालू लागला. वाट सरळ होती. दहा मिनिटांची. दरवाजात एक शिपाई उभा होता, त्याच्या भुवया सगुणेच्या.

"कुठून आलात?"

"करंजेलाहून. मी कौल फिरवलाय बाबा. आता ही भिंत राहणार नाही."

"आजोबा, मी हिच्या आत जन्मलो," शिपाई म्हणाला. "माझी पोरंही इथलीच. तुम्ही कौल फिरवलात, मग आम्ही कुठं जायचं?"

रवळूनं पाटी खाली ठेवली. त्यानं विचारलं, "सगुणेचा ना तू? कुठं आहे ती?"

"आई गेली. चैत्रात. बाजाराच्या दिवशी तुमचं पान वाढायची, शेवटपर्यंत." मग त्यानं आतून खुर्ची आणून ठेवली. "बसा."

रवळू जमिनीवर बसला.

झालं. भिंत अजून आहे, पण तिचे दरवाजे उघडे असतात. राज्य सुखात आहे, करंजेलही सुखात आहे. राखणदार आता दोघांभोवती मिळून एकच फेरी मारतो, वर्षाला वहाणांचे दोन जोड लागतात. कान दिलात तर करकर ऐकू येईल. घाबरू नका, तो आपलाच आहे. मिटा डोळे.

रवळूला लेकीच्या हातचं जेवण पुन्हा मिळालं नाही.